देवाचा कोंबडा आणि चार पायांची काठी

आमच्या कोंबड्याचा पाय मोडला तो दिवस घरात मोठ्या आनंदाचा होता. माझ्या सासूबाईंचा गुडघा त्या दिवशी बरा झाला होता. बरा झाला ही गोष्ट त्यांच्या एकटीच्या पोटात मावेना. सगळ्या गल्लीला कळावी म्हणून त्यांनी हातातली काठी उचलून फेकली आणि ती नेमकी कोंबड्याच्या पायावर जाऊन पडली. एका पायाचा आनंद दुसऱ्या पायाला भोवला, एवढीच गोष्ट. पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट एवढ्यावर थांबत नाही.

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात, मग ती आत्या असो नाहीतर नसो. तर आत्याबाई, आमचे हे आणि मी, अशी घरात तीन माणसं. लेकरं नांदेडला शिकायला असतात. दिवाळीला येतात आणि मोबाईलकडं बघत जेवून जातात. गाव सेनगावच्या अंगाला. बरीचशी जमीन कोरडवाहू, विहिरीच्या पाण्यावर हळदीचा एक तुकडा, आणि त्या तुकड्याच्या बांधावर लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा. घरात काही बिघडलं की त्याला साकडं घालायचं आणि सुधारलं की त्याचे उपकार मानायचे. मधलं काम कुणी केलं, हे विचारायची पद्धत नाही.

दुखणं डाव्या गुडघ्याचं होतं. डाव्या गुडघ्याला तेल, डाव्या गुडघ्याला पट्टा, डाव्या गुडघ्याला गरम विटेचा शेक. त्या गुडघ्याची आणि माझी जेवढी ओळख झाली, तेवढी लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्याची आणि माझी झाली नाही. आत्याबाई चार पायांची स्टीलची काठी घेऊन चालत. फरशीवर तिचा खणखण आवाज येई आणि आवाज आला की मी चुलीपुढून उठून बघायला जाई, पडल्या की काय म्हणून. हिंगोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला. तिथं व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती, साखरेसारखं बोलायची. "आजी, टाच टेकवा, घाई करू नका, शाब्बास!" घरी आल्यावर टाच टेकवून घ्यायचं काम माझं, आणि मला शाब्बास कुणी म्हणत नव्हतं. उलट तिसऱ्यांदा पाय उचला म्हटलं की आत्याबाई माझ्या माहेराचा उद्धार करत.

एवढं करून पाय सुधरायला लागला तेव्हा श्रेय कुणाला? म्हसोबाला. कारण मधेच एकदा आत्याबाई ट्रॅक्टरवर बसून बांधापर्यंत गेल्या होत्या आणि नवस बोलून आल्या होत्या. "म्हसोबा, काठीबिगर माझ्या पायानं चालत तुझ्यापातुर येऊ दे. हा कोंबडा तुझा!" हा म्हणजे माझ्या काखेत होता तो. तेव्हा अजून नीट आरवताही येत नव्हतं बिचाऱ्याला. आत्याबाईंनी त्याच्या तुऱ्याला कुंकू लावलं आणि त्या दिवसापासून तो देवाचा झाला. म्हणजे कापायचा ठरला, पण बोलताना देवाचा म्हणायचं. ऐकायला बरं वाटतं.

देवाच्या कोंबड्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही, त्याच्या अंगावर ओरडायचं नाही. घ्या! आमच्या ह्यांनी लग्नात माझ्या बापाला इतकी आश्वासनं दिली नव्हती. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली की हा त्यावर चालणार, उकरणार, घाण करणार. ज्वारी पाखडायला बसलं की हा सुपात. मोटारसायकलच्या सीटवर बसून गल्लीकडं बघायचा आणि हे त्याला उठवायला जायचे तर आत्याबाई ओरडायच्या, "असू दे रे, देवाचा हाय त्यो!" मी मनात म्हणायची, लवकर ने रे बाबा तुझा तू. खोटं कशाला सांगू, मला तो डोळ्यासमोर नको होता.

मग तो आनंदाचा दिवस आला. आमच्या समोर आत्याबाईंची जाऊ राहते, मी त्यांना काकी म्हणते. ह्या दोघींचं बोलणं गुळाचं आणि मन चिंचेचं. आत्याबाईंच्या हातात काठी आल्यापासून काकी रोज ओट्यावरून विचारत, "कसं हाय पायाचं, बाई? आता काय, वय झालं आपलं." आपलं म्हणायचं आणि तरातरा चालत विहिरीवर जायचं. आत्याबाईंना गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखे. त्या सकाळी काकी ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. आत्याबाई दारातून निघाल्या, काठी वर धरून, न टेकवता. अंगण ओलांडलं, तुळशीपर्यंत गेल्या, वळून परत आल्या. मग अंगणाच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "ही घ्या! झाली का न्हाई बरी? आता काय करायची ही?" आणि फेकली काठी.

कोंबडा हळदीवर उभा होता. त्यानं असा आवाज काढला की काकींच्या हातातली मेथी खाली पडली. बघतो तर उजवी नळी मधेच वाकलेली आणि हा एका पायावर उड्या मारून राहिला. आत्याबाई काठीबिगर धावत गेल्या. धावत! इतक्या दिवसांत मी त्यांना चालताना बघायला तरसले होते, त्या धावल्या, आणि ते बघायला कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे कोंबड्याकडं बघत होते. गुडघा बरा झाल्याचं कौतुक त्या दिवशी राहून गेलं ते गेलंच.

संध्याकाळी म्हसोबाची पूजाअर्चा बघणारे म्हातारबाबा आले. त्यांनी कोंबडा उलटा-सुलटा करून बघितला आणि मान हलवली. "खोड असलेलं जनावर देवाला चालत न्हाई."

"मग बाजारातून दुसरा आणतो की," आमचे हे म्हणाले. ह्यांना सगळ्या गोष्टी बाजारात मिळतात असं वाटतं.

"बोललेला जीव बदलता येत न्हाई. कुंकू ह्याला लागलं, तर हाच लागंल. ह्याचा पाय बरा करा, नीट चालता करा, मंग या."

"म्हंजे आधी जगवायचा आन् मंग कापायचा?" मी विचारलं.

"बराबर," म्हातारबाबा म्हणाले, आणि चहा प्यायला बसले. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. घरात पाय बरे करायचा अनुभव कुणाला होता? मलाच. झाली माझी नेमणूक.

दुसऱ्या दिवशी कोंबड्याला पिशवीत घालून, मान बाहेर ठेवून, मी ह्यांच्या मागं मोटारसायकलवर बसले आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं म्हशी, बैल, एक शेळी, आणि आमचा देवाचा. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "ताई, कोंबड्याच्या पायाचं काय करता? रस्सा करा ह्याचा."

"करायचाच आहे, डॉक्टर," मी म्हटलं, "पण पाय बरा झाल्यावर."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं. हे भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागले. पण माणूस भला होता. नळी कशी सरळ धरायची, कुठं बांधायचं, फार आवळायचं नाही, हे सगळं दाखवलं आणि हसू दाबत म्हशीकडं गेले.

घरी येऊन मी खराट्याच्या काड्या कापल्या, माझ्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि पाय बांधला. वरून हळदीचा लेप. हळदीला आमच्याकडं तोटा नाही. पिवळा पाय घेऊन तो बांबूच्या डालग्याखाली बसला, हळद लागलेला नवरदेव बसतो तसा, आणि पुढं त्याच्या नशिबात काय आहे हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आत्याबाई म्हणाल्या, डालगं आत माझ्या बाजेपाशी ठेव, अंगणात ऊन लागंल त्याला. ऊन! ज्याची मान कापायची त्याला ऊन लागू नये.

मग सुरू झाली माझी सेवा. सकाळी डालगं उचला, खालची घाण काढा, राख टाका. पट्टी भिजली का बघा. पट्टी बघायला गेलं की हा चोच मारणार, तीही नेमकी नखाच्या मुळाशी. ज्वारी नको, भिजवलेली भाकर पाहिजे. भाकर शिळी नको. "काहून खाऊन नाही राहिला रे?" असं आत्याबाईंनी विचारलं की तो मान वाकडी करून त्यांच्याकडं बघायचा आणि खायचा. मी विचारलं की घाण करायचा. लोक आत्याबाईंचा पाय बघायला येत आणि कोंबड्याचा पाय बघून जात. एक पाहुणी तर बांधलेल्या पायाला हात लावून नमस्कार करून गेली, देवाचा म्हणून. मी त्या हळदीच्या हातानं तिला चहा दिला.

मग मला दिसायला लागलं की आत्याबाईंच्या हाडाच्या गोळ्या भराभर संपतायत. हिंगोलीहून आणलेल्या पाकिटातली गोळी रोज एक घ्यायची, आणि पाकीट रिकामं होतंय दुप्पट वेगानं. मला वाटलं, बाई चुकून दोन-दोन खातायत, आता नवंच काहीतरी होऊन बसतंय. एका दुपारी मी दाराआडून बघितलं तर आत्याबाई खलबत्त्यात गोळी कुटून राहिल्या होत्या. कुटली, ज्वारीच्या पिठात कालवली, आणि त्याचे लहान गोळे करून डालग्याखाली सरकवले. वर म्हणाल्या, "खा. माझ्या हाडाला लागली तर तुझ्या लागंल."

आत्याबाईंना त्याचा पाय मोडल्याचं किती लागलंय हे मला त्या दिवशी कळलं. काठी त्यांच्या हातून सुटली होती ना. ती काठी त्यांनी मला गोठ्यात, कडब्याच्या मागं ठेवायला लावली होती. डोळ्यापुढं नको म्हणाल्या.

आणि माझं म्हणाल तर, मला राग येत होता. उन्हाळा चढला होता. एका दुपारी मी पट्टी बदलायला त्याला मांडीवर घेतलं. नेहमीसारखा चोच मारंल म्हणून मी हात आखडून बसले होते. त्यानं चोच मारली नाही. माझ्या मनगटावर मान टेकवली आणि झोपला मेला. डोळ्यावरचं पांढरं कातडं हळूहळू वर आलं आणि तो चक्क झोपला. कापायच्या जनावरानं असं वागायचं नसतं. मला किती कामं पडली होती, भांडी तशीच, हळद भरायची राहिलेली, आणि मी त्याला झोपू देत बसले. मग उठले आणि रागारागानं भांडी आपटली. हे म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही न्हाई, तुमचा देवाचा बरा होऊन राहिला.

कारण तो खरंच बरा होत होता. एवढं नीट बांधलेलं हाड जुळणार नाही तर काय करणार? जितका तो सुधारत होता तितका तो म्हसोबाच्या जवळ जात होता, आणि त्याला तिकडं ढकलणारे हात माझे. पट्टी काढायची वेळ आली तर मी म्हटलं, "आत्याबाई, अजून थोडे दिवस राहू द्यावं म्हणते. कच्चं असंल." मला वाटलं ओरडतील. "व्हय, व्हय, राहू दे," त्या इतक्या लवकर म्हणाल्या की मी वळून बघितलं. त्या बाजेवर बसून छताकडं बघत होत्या.

पण किती दिवस राहू द्यायची? पट्टी निघाली. आता आत्याबाईंनी त्याला चालायला शिकवायचं मनावर घेतलं. सकाळी ऊन तापायच्या आधी दोघं अंगणात. आत्याबाई पुढं, कोंबडा मागं, तुळशीपर्यंत जायचं, वळायचं, परत. "टाच टेकव. घाई करू नको. शाब्बास!" हिंगोलीच्या पोरीचे शब्द जसेच्या तसे. कोंबड्याला टाच कुठं असते हे मला माहीत नाही, पण तो टेकवायचा. काकी ओट्यावरून बघत आणि तोंडाला पदर लावून हसत. आत्याबाईंना त्याचं काही नव्हतं. काठीबिगर चालत होत्या ना त्या, काकींच्या नाकासमोरून, दिवसातून दोनदा. आपल्या मनानं, कुणाला न विचारता, त्या चक्कीवर जायला लागल्या, देवळात जायला लागल्या. इतकी खूष बाई मी माझ्या संसारात बघितली नव्हती.

आणि आमचे हे? ह्यांनी एक दिवस जेवताना सांगितलं, "आखाडातला मंगळवार धरलाय. ग्रुपवर टाकलं मी."

"काय टाकलं?"

"भावकीला जेवायला बोलावलं. देवाच्या कार्याचं."

आत्याबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. विचारायचं नाही, सवरायचं नाही, बोटानं दाबलं की झालं. खाली सगळ्यांचे जोडलेले हात आले होते. एकानं तर लिंबू आणि कांद्याचं चित्र टाकलं होतं. मी म्हटलं, एका कोंबड्यात एवढी माणसं? हे म्हणाले, प्रसाद आहे, रश्श्यात पाणी वाढव. मग हे हात धुवायला उठले. आत्याबाईंनी ताटातली उरलेली भाकर चुरून डालग्याकडं नेली.

मंगळवारी सकाळी मी त्याला डालग्यातून काढलं. घरात वाटणाचा वास सुटलेला, हे सुरी घासून राहिलेले, आत्याबाई नवं लुगडं नेसून बाजेवर बसलेल्या. मी त्याला गोठ्यामागं नेलं आणि त्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन सांगितलं, "आज लंगड रे. मेल्या, एवढा एक दिवस लंगड. तुझ्यासाठी इतकं केलं, तू माझ्यासाठी एवढं कर." त्यानं मान ताठ केली आणि माझ्या कानात आरवला.

बांधावर सगळे जमले. ट्रॅक्टर गाडीवाटेवर उभा केला, आत्याबाई तिथंच थांबल्या, कारण नवसाप्रमाणं तिथून म्हसोबापर्यंत त्यांनी काठीबिगर चालत यायचं होतं. आधी कोंबड्याची परीक्षा. म्हातारबाबांनी त्याच्या अंगावर पाणी शिंपडलं. त्यानं अंग झाडलं. देवानं मानलं, सगळे म्हणाले. मग त्याला बांधावर सोडलं. मी डोळे मिटले आणि उघडले. तो चालत होता. सरळ, छाती पुढं काढून, उजवा पाय नीट उचलून, नीट टेकवून, शिकवल्याप्रमाणं. गाढव कुठला!

"वाहवा!" म्हातारबाबा म्हणाले. "कुठं मोडला होता ते बी दिसंना. पाय कुणी बांधला?"

"सूनबाईनं," सगळे म्हणाले. "सूनबाईचा हात लई चांगला."

ह्या भावकीत माझं कौतुक पहिल्यांदाच झालं, आणि तेही ह्या कामाचं. मला रडू येत होतं. काकी म्हणाल्या, धूर गेला वाटतं डोळ्यात. चूल तर अजून पेटलेलीच नव्हती.

"आता या आत्याबाई," कुणीतरी हाक दिली. "चालत या!"

आत्याबाई निघाल्या. काठी नाही, कुणाचा हात नाही. नव्या लुगड्याचा काष्टा आवळलेला, मान वर. बांधाची वाट काही सपाट नाही, पण त्या मस्त चालत होत्या. काकी बघत होत्या. आत्याबाई काकींकडं बघत नव्हत्या. त्या कोंबड्याकडं बघत होत्या. ह्यांनी त्याचे दोन्ही पाय एका मुठीत धरून त्याला उलटा केला होता, आणि तो तसाच लोंबकळत, मान वर वळवून, आत्याबाईंकडं बघून राहिला होता.

अर्ध्या वाटेत आत्याबाई थांबल्या. "अगं माय!" त्या ओरडल्या, आणि मटकन खाली बसल्या. "मेले गं! गुडघा!"

एकच गोंधळ झाला. हे कोंबडा टाकून धावले. मी सगळ्यांच्या आधी पोचले. आत्याबाई दोन्ही हातांनी गुडघा धरून, डोळे घट्ट मिटून, "कळ आली गं, कळ आली" करत होत्या. मी खाली बसले, पदरानं त्यांचा घाम पुसायला गेले आणि माझी नजर त्यांच्या हातावर पडली.

त्यांनी उजवा गुडघा धरला होता.

इतक्या वर्षांत त्या गुडघ्याला कधी काही झालं नव्हतं. उजवा पाय कोंबड्याचा मोडला होता. माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं, आणि मागून हे, काकी, म्हातारबाबा येत होते. मी त्यांच्या कानापाशी तोंड नेलं. "डावा, आत्याबाई," मी म्हटलं. "डावा."

त्यांनी एक डोळा उघडला. माझ्याकडं बघितलं. हात गुपचूप डाव्या गुडघ्यावर गेले. "अगं माय गं!" त्या पुन्हा ओरडल्या, पहिल्यापेक्षा चांगल्या.

"परवापर्यंत तर ठीक होता," हे म्हणाले. माझ्या नवऱ्यानं जन्मात कधी त्या गुडघ्याला तेल लावलं नाही म्हणून आम्ही वाचलो. मी त्यांना काठी आणायला घरी पिटाळलं. "गोठ्यात, कडब्याच्या मागं हाय. पळा!" काठी येईपर्यंत आत्याबाई उठल्या नाहीत. म्हातारबाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं, म्हसोबाकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं.

"काठीबिगर येईन, असंच बोलला होता का?"

"असंच," आत्याबाई कण्हत म्हणाल्या.

"मंग देवाचं काम अपुरं हाय. काम झाल्याबिगर देव घेत नसतो. पाय चांगला झाला की या. तवर जीव तुमच्यापाशी ठेवा, देवाची ठेव म्हणून."

कोंबडा तोवर बांधावरच्या गवतात किडे शोधत फिरत होता. भावकी जेवायला आलेली, वाटण तयार. मी त्यात वांगी टाकली. लोकांनी जेवताना माझ्या हाताचं कौतुक पुन्हा केलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आत्याबाई काठी टेकत टेकत आत गेल्या. मी मागं होते. दार लावलं तशी त्यांनी काठी भिंतीला लावली आणि तरातरा जाऊन डालगं सरळ केलं.

"आत्याबाई, काठी," मी म्हटलं.

"दार लावलंय की," त्या म्हणाल्या. ह्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

तेव्हापासून आमच्या घरात असं आहे. दाराच्या आत आत्याबाई काठीबिगर, दाराच्या बाहेर काठी. कोंबडा जगंल तोवर ही काठी सुटायची नाही, कारण पाय बरा झाल्याचं एकानं जरी बघितलं तरी म्हसोबाचं देणं फेडावं लागतं. चक्कीवर दळण घेऊन आता पुन्हा मी जाते. आणि ओट्यावरून काकी. मागच्या आठवड्यात दहा बायकांत त्या म्हणाल्या, "किती मोठं बोलत होतीस गं, अंगणात काठी काय फेकत होतीस. देवानं काय तुझं ऐकलं न्हाई, बाई."

माझी जीभ सळसळली. आत्याबाईंनी जन्मात काकींचा एक शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. मी वाट बघितली. आत्याबाईंनी काठी पुढं टेकवली.

"न्हाई ऐकलं, बाई," त्या म्हणाल्या, आणि खणखण करत घरात आल्या.

मला इतकं वाईट वाटलं की मी दार लावून सरळ विचारलं. "एवढं ऐकून घेता. बरं, ते जाऊ द्या. भेव न्हाई वाटत का? खोटी कळ आणली, देवानं खरंच पाय धरला तर?"

आत्याबाई कोंबड्याच्या उजव्या नळीवरून बोट फिरवून राहिल्या होत्या. "वाटतं की," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बाजेवरून पाय खाली ठेवताना वाटतं. आज धरला का काय, म्हणून जरा तशीच बसते."

"मंग?"

"मंग काय. त्यो आरवतो. मी उठते."

आता सकाळी चूल पेटवली की मीही थांबते. आधी त्याचं आरवणं ऐकू येतं. मग काही वेळ काहीच नाही, आणि तेवढा वेळ मी चहाचं भांडं हातात धरून राहते. मग फरशीवर काठीबिगर पावलं येतात, आणि मी चहा ठेवते.